आईची पहिली रेघ

लाल व्होल्टाकाठ, ६ जानेवारी १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हेलिकॉप्टर परत येऊन नदीत माश्या मारायचं औषध ओतून गेलं. माश्या इतक्या कमी झाल्यात की पाणी भरताना पाय झाडावे लागत नाहीत. आई खुशीत आहे. म्हणते, चावणारी माशीच मेली, आता डोळ्यांवरचं धुकं विरेल. खाज मात्र तशीच. खाजवू नको म्हणून मी ओरडले तर म्हणते, टमाल्याला एक मुलगी नर्स झाली तेवढी पुरे, तू नको होऊस.

आकोल्बिरेदादा पुढच्या महिन्यात कुमासीहून बायकोला घेऊन येतोय. तिच्या खोलीची भिंत रंगवायची आहे. पहिली रेघ घरातली थोरली म्हणून आईच ओढणार. पण ताई, परवा तिनं मी समजून रांजणाला हाक मारली. कमरेवरच्या गाठीही वाढल्यात. डोळ्यांचं काही औषध धाड.

तुझी माया घरावर राहू दे.
आयिनपोका

टमाले, २१ जानेवारी

चि. आयिनपोकास,
अ. उ. आ.

डॉक्टरांना विचारलं. मागे आईच्या कातडीचा कण तपासायला आणला होता, तो त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. केसाहून बारीक अळ्या वळवळत होत्या. त्यांना जन्म देणारे लांब कृमी त्या गाठींत वेटोळं घालून बसलेत. हेलिकॉप्टर नदीतली माशी मारतं, तिच्या चाव्यातून अंगात शिरलेला कृमी नाही. तो दहा-पंधरा वर्षं जगतो, पिल्लं सोडत राहतो, आणि ती डोळ्यांत शिरतात. त्यांना मारणारं औषध आहे. पण ती डोळ्यांतच मेली तर उरलेली नजरही जाईल, म्हणून डॉक्टर देत नाहीत. रोज परक्यांच्या डोळ्यांत थेंब घालते मी, आणि आईला धाडायला माझ्याकडे काही नाही.

भिंत तिला रंगवू दे. रेघ चुकली तर रंगवायला येणारी आसिबीमावशी सांगेलच, ती कुठली गप्प बसायला.

पत्र टाकत जा, मला तेवढाच आधार.
अतामपोका

लाल व्होल्टाकाठ, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल भिंत झाली, शेजारपाजारच्या साऱ्या बायका रंगवायला आल्या होत्या. आईनं गिनी कोंबडीचं पीस काळ्या रंगात बुडवून रेघ ओढली. दारापासून निघालेली रेघ हळूहळू उतरत पार जमिनीला टेकली. मी आसिबीमावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, रेघ अगदी सरळ आहे, सुनेला नावं ठेवायला जागा नाही. मला वाटलं, आईचं मन राखतेय. पण रंग भरायला मावशी पुढे झाली तेव्हा रेघ बोटांनी चाचपू लागली, ओल्या रंगातच. तिच्या शेजारची बाई भिंतीला नाक लावून रंगवत होती. तिसरीनं पांढरं मागितलं; पांढऱ्याचं मडकं तिच्या गुडघ्याशीच होतं.

ताई, कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्या एकाच घाटावर पाणी भरत आल्यात. आईला चिडवत होत्या, की म्हातारे, एवढा हात चालतो तर दुसरा नवरा कर. आई हसत होती. रेघ बरी झालीय ना, असं तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं आणि तिच्या रेघेमागून लाल भरत गेले.

अंगणभर बायका होत्या, आणि भिंत मी एकटीच पाहत होते. तू सुट्टी काढून ये. औषध नाही आणलंस तरी चालेल. माझ्याशेजारी उभी राहून भिंतीकडे बघ, एवढंच.

तुझी वाट पाहणारी,
आयिनपोका