पहिल्या शब्दाआधीचा श्वास

मी एग्लन प्यूझी, बेस गिटार वाजवणारा, राहणार मॅक्सफिल्ड अव्हेन्यू, किंग्स्टन, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आता बरे होणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. मलाही ते पटले आहे.

१. दोन खोल्या, अंगण आणि आंब्याचे झाड मुलगी आयोनी हिला. छप्पर गळते. दुरुस्त करतो, करतो म्हणत मी जन्म काढला. आता तिनेच बघावे.

२. बेस गिटार चर्चला. मी कधी तिथली पायरी चढलो नाही, याचा राग पास्टरबाईंनी गिटारीवर काढू नये.

३. गाण्यांच्या रेकॉर्डचे निर्माते लॅसेल्स टलक यांना माझ्याकडून काहीही नाही. मातीला आले तर मागे उभे राहावे. भाषण करू नये.

कारण असे. आमच्याकडे एकदा रिदम, म्हणजे गाण्याखालची बेस-ड्रमची साथ, टेपवर वाजवून ठेवला की त्याच वाजवण्यावर जो येईल तो आपले गाणे गातो. माझ्या रिदमवर निम्मे किंग्स्टन गाऊन गेले. सर्वांत आधी गायला माझा मुलगा डर्व्हंट. पण टेपवर गाणाऱ्याच्या आवाजासाठी एकच पट्टी, म्हणजे ट्रॅक, मोकळी होती. दुसऱ्या दिवशी एक बडा गायक दारात आला, तेव्हा टलकसाहेब ध्वनिमुद्रक कार्लटनला म्हणाले, "पुसून टाक रे. पोरगं कुठं पळून चाललंय? उद्या परत गाईल."

त्याच संध्याकाळी डर्व्हंटला मिनीबसने उडवले. त्या बड्या गायकाचे गाणे मात्र अजून गल्लोगल्ली वाजते. माझा बेस सुरू झाला की लोक त्या गायकाचे नाव घेऊन ओरडतात, आणि मला माझ्याच हातांचा राग येतो.

४. ती टेप आयोनीला. पहिल्या शब्दाआधी तिच्यावर एक श्वास ऐकू येतो. तो पुसायचा राहिलेला डर्व्हंटचा आहे, असे मी धरून चाललो. कार्लटन म्हणतो, "दादा, किती वेळा सांगू? नवा आवाज भरला की जुना राहतच नाही. श्वास त्या गायकाचाच." कार्लटन खोटे बोलत नाही, हीच पंचाईत आहे. मुलाचा दुसरा आवाज माझ्याजवळ नाही.

५. मी गेल्यावर नवव्या रात्री, आमच्या रिवाजाच्या जागरणाला, मासे तळावेत, रम वाटावी, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर खुशाल आपटाव्यात. मग ती टेप लावावी आणि श्वास झाला की बंद करावी. "अरे, पुढचं लाव की!" म्हणून लोक ओरडतील. ओरडू द्यावे.

किंग्स्टन, १४ मार्च १९९१
सही: एग्लन प्यूझी

समक्ष सही करणारे:
मर्लिन ब्रॅमवेल, शेजारीण
कार्लटन सूएल, ध्वनिमुद्रक

(कार्लटन सूएल यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले: "वाचलं. श्वास त्या गायकाचाच आहे. टेप मी पहिल्या शब्दाआधी थांबवीन.")