ठिपके न पडलेली दरी

केचिका नदी, सोमवार

आदरणीय अगाथाताईस,

धाकट्या एमोसचा तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार (ते अजून तुझं ऐकत असतील तर). मी बरा आहे. टोपी, धुरी दिलेली सगळी मासळी आणि अब्रू गेली, बाकी सगळं जागेवर आहे.

झालं असं की अभयारण्याची हद्द आखायला हेदर नावाची शिकलेली पोर आली आहे. मोठी जनावरं हिंडतात ते रान राखायचं, उरलेल्यातून खाणीचा रस्ता काढायचा, असा सरळ मामला. त्यासाठी तिने 'अठ्ठावीस नंबरच्या अस्वलिणी'च्या गळ्यात पट्टा बांधलाय. ती जाईल तिथे नकाशावर ठिपका पडतो. (अस्वल हे नाव हेदर घेते. मी आपला आजीच म्हणतो. नाव घेतलं की तिला ऐकू जातं, तुला ठाऊक आहे.) आजीने तीन उन्हाळ्यांत सगळं रान पालथं घातलं, एक दरी सोडून. आपली. विल्फ्रेडला पुरलंय ती.

हेदर म्हणाली, "एमोसकाका, तिथे बेरी धड येत नसणार." तिला काय सांगू? की आपली आई दर वर्षी टेकडीवरून ओरडायची, "आजी, अलीकडची बेरी माझ्या पोरांची, पलीकडची तुझी!" आणि आपल्या या आजीच्याही आजीपासून सगळ्यांनी तो शब्द पाळलाय? (माणसांनी निम्मा पाळला असता तरी खाण आली नसती.) आता त्यांच्या या सभ्यपणापायी आपल्या भावाच्या उशाशी ट्रक धावणार. मला फार वाईट वाटतं, ताई. झोप लागत नाही.

म्हणून मी टेकडीवर चढलो, रीतसर टोपी काढली आणि ओरडलो की आजी, आईचा करार मोडला, खुशाल ये. टोपी वाऱ्याने नेली. मासळी मांडली, ती कावळ्यांनी खाल्ली. तिसऱ्या दिवशी आजी आली ती थेट माझ्या दरीतल्या धुरीच्या खोपटीत, दार सोडून भिंतीतून. मी अर्धा दिवस स्प्रूसच्या झाडावर बसून तिची माफी मागत होतो, वयाच्या सत्तराव्या वर्षी, एका बुटावर. एवढं करून ठिपका पडला एक. हेदर म्हणते, एकाने भागत नाही.

तुझा,
एमोस

ता. क. (बुधवार) : टपालाचं विमान उद्या येतंय, तेव्हा खरं काम लिहून टाकतो. तू ये. माझं बोलणं आजीला पटत नाही, आईचा आवाज तुझ्याकडे आहे. गुडघ्यांसाठी होडीत गादी घालतो.

ता. क. (गुरुवार, सकाळी) : ठिपके पडताहेत, ताई. आपल्याच दरीत, तासाला एक, सगळे एकाच जागी. मंगळवारी आजी रस्ता मोजणाऱ्यांच्या दरीतल्या तळावर कचऱ्याच्या डब्याशी गेली, त्यांनी गोळी घातली. काल मी तुला बोलावत होतो तेव्हा ती मरून पडली होती. हेदर रडली. मेल्यानंतरचे ठिपके धरत नाहीत म्हणे. शब्द आजीने पाळला होता, मोडायला मीच लावला. तरी तू ये. तिची माफी मागायला आपल्यात आईची लेकच लागते. गादी घातली आहे.