गुळवेलीची चौथी बॅच

राजारामपुरी, कोल्हापूर
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय प्रसेनजीत,

जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. घरोघरी फोन आलेत आणि आक्का पत्र कसलं लिहितेय? पण गेल्या साडेतीन वर्षांत आपण दोघं फोनवर जेवढं बोललो, तेवढं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. "हां, बरं हाय. आबा कसं हाईत? ठेवतो." मला जे सांगायचंय ते एवढ्यात बसणारं नाही. आणि खरं सांगू, तू गप्प ऐकत असलास तर माझ्याच्यानं बोलवणार नाही.

आधी बातमी सांगते. माझी पीएच.डी. झाली. ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा होती. हैदराबादचे परीक्षक आले होते, दोन तास खोदून खोदून विचारत होते. शेवटी सरांनी माझ्या हातात हात दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. चार वाजता मी खोलीवर आले. मालकीणबाई गावाला गेल्या होत्या. राहिलेल्या पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि कुणाला द्यायचा ते कळेना. शिरोळला शेजारी फोन लावून आबांना बोलवून घेतलं. ते म्हणाले, "झालं न्हवं एकदाचं? मग आता दोन घास नीट खात जा." तुला फोन करायला तीनदा रिसीव्हर उचलला आणि तीनदा ठेवला. मग मेसचा डबा उघडून एकटीच जेवले.

इथं माझे दिवस असेच जातात. रविवारी कॉलेज बंद असतं, पण उंदरांना रविवार नसतो. त्यांना दाणापाणी घालायला मीच जाते, कारण बाकीच्यांना घरी माणसं आहेत. पिंजरे साफ करताना त्यांच्याशी बोलते. परवा एका शिपायानं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, कुणाशी बोलताय वो?" मी म्हटलं, फोनवर बोलत होते. माझ्याकडं मोबाईल नाही, हे त्याला माहीत आहे.

तू एकदाच माझ्या लॅबमध्ये आला होतास, आठवतं? नव्याण्णवच्या दिवाळीनंतर. कागलच्या फौंड्रीत तुला नुकतंच हलकं काम दिलं होतं. मी तुला ते जांभळं द्रावण दाखवलं. त्यात गुळवेलीचा अर्क घातला की जांभळा रंग उतरत जातो आणि द्रावण पिवळं पडतं. शरीराला आतून गंज चढवणारे जे घटक असतात, त्यांना ही वनस्पती किती आवरते, ते त्या उतरलेल्या रंगावरून मोजायचं. तू नळी उजेडाकडं धरून म्हणालास, "आयला आक्का, नुसता रंग उडवायला एवढं शिकलीस व्हय?" आणि दिवसभर मला उंदरांची डॉक्टर म्हणत राहिलास. तुझ्या पोटावरची जखम तेव्हा नऊ महिन्यांची होती. जिना चढताना तू हळूच कुशीवर हात ठेवलास, ते मी बघितलं होतं. तू बावीस वर्षांचा होतास आणि आईला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा कुणी विचारायच्या आधी शर्ट काढून तपासणीला उभा राहिला होतास. माझा रक्तगट जुळला नाही. आबांचं वय झालेलं. तुझं सगळं जुळलं. पुण्यातल्या त्या डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं होतं की इतकी चांगली किडनी क्वचित मिळते. हे वाक्य मी तुला तेव्हा का सांगितलं नाही, कुणास ठाऊक. तुला माहीतच असेल, असं वाटलं असावं.

माझ्या कामाचा दुसरा भाग मी तुला दाखवला नव्हता. तो आता सांगायला हवा. खाटकाकडून मेंढीचं रक्त आणायचं, त्यातल्या लाल पेशी धुऊन वेगळ्या करायच्या आणि उंदराला टोचायच्या. त्या पेशी परक्या आहेत हे उंदराचं शरीर ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध लढायची तयारी करतं. काही उंदरांना आठवडाभर आधी गुळवेलीचा अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी. आणि कोण किती जोरात लढतं ते मोजायचं. अर्कवाले उंदीर जास्त जोरात लढायचे. पहिल्यांदा ते आकडे आले तेव्हा मी एकटीच त्या खोलीत हसत होते.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये मला चौथ्या बॅचसाठी ताजी गुळवेल हवी होती. आपल्या ओढ्याकडेच्या कडुनिंबावर ती रग्गड होती, म्हणून मी चार दिवस शिरोळला आले. तू कागललाच होतास. आई माझ्याबरोबर सोप्यात बसून विळीवर कांडं चिरायची. ऑपरेशनला तेरा महिने झाले होते. तिच्या तोंडावर तेज आलं होतं, भाकऱ्या स्वतः थापत होती. ती म्हणाली, "ह्यानं नेमकं काय हुतंय गं?" आणि मी, कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखी, सगळं सांगत सुटले. अंगातली ताकद वाढते आई, बाहेरचं काहीही आत शिरलं तर शरीर त्याला हाकलून लावतं. ती चिरायची थांबून ऐकत होती. आपली पोरगी काहीतरी मोठं करतेय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

मे महिन्यात तिचे पाय सुजले. पुढचं तुला माहीत आहे. पुण्याच्या फेऱ्या, पुन्हा डायलिसिस, आणि जानेवारीत ती गेली. तपासणीत आलं होतं की शरीरानं किडनी नाकारली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळासोकाका सगळ्यांसमोर बोलले, "पोराचीच किडनी कमजोर निघाली. तंबाखूचा मावा खातंय, फौंड्रीचा धूर खातंय, त्येची काय टिकणार?" तू खांबाला टेकून उभा होतास. तुझा चेहरा मी बघितला. मी तोंड उघडायला हवं होतं. किडनी नाकारणं म्हणजे किडनी वाईट असणं नव्हे, एवढं एक वाक्य मला येत होतं. मी बोलले नाही. दोन महिन्यांनी तू वापीला निघून गेलास. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला आला नाहीस, चौदा एप्रिलला आला नाहीस. सगळ्यांना वाटलं, पोरगं माणूसघाणं झालं.

आणखी एक सांगते. मे महिन्यात डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, "आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता का? काढा, झाडपाला?" मी तिच्या उशाशी उभी होते. तिनं डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाय, काय न्हाय." मी विश्वास ठेवला. ती गेल्यावर आठव्या दिवशी तिची लुगडी आवरत होते. ट्रंकेच्या तळाशी कापडी पिशवी निघाली. आत वाळलेल्या गुळवेलीची कांडं. वर माझ्याच हातची चिठ्ठी, बॅच चार. त्या वेळी लॅबमध्ये वजन कमी भरलं होतं आणि वाळल्यावर घट येते म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्याच संध्याकाळी शेजारच्या बाळाबाई आल्या. मी आईची ती पिशवी दाखवून विचारलं तर सहज सांगून गेल्या, "व्हय की, रोज सकाळी काढा करून प्यायची बनाबाई. माझ्या लेकीनं शोधलंय म्हणायची. पोरानं एवढं दिलंय, ते टिकाय पायजे म्हणायची."

किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम दाबून ठेवतात रे. नाहीतर शरीर त्या परक्या अवयवावरच तुटून पडतं. आई एका हातानं त्या गोळ्या घेत होती आणि दुसऱ्या हातानं माझा काढा. काढ्यानंच झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. काढा नसता तरी कदाचित हेच झालं असतं. पण मार्चपर्यंतचे तिचे सगळे रिपोर्ट मी परत परत वाचलेत. तोवर तुझी किडनी घड्याळासारखी चालली होती. बिघाड सुरू झाला तो काढ्यानंतर. प्रबंधात मी शेवटी चार ओळी घातल्यात, की अवयव बदललेल्या रुग्णांनी ही वनस्पती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. परीक्षकांनी त्या ओळींचं कौतुक केलं. त्या मला कशा सुचल्या, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या रविवारी आबा आले होते. तुझ्यासाठी जयसिंगपूरचं स्थळ आलं होतं, मुलगी नर्स आहे, तिला तुझ्या ऑपरेशनचं सगळं माहीत होतं आणि तिची तयारी होती, असं म्हणाले. आणि तू फोनवर सांगितलंस, "माझं रक्तच खराब हाय आबा, आईला दिलेलं बी टिकलं न्हाय. कुणाच्या लेकीचं वाटोळं करू?" हे सांगताना आबा रडले. म्हणून आज बसले लिहायला. दोन हजारच्या त्या मार्चमध्ये मी शिरोळहून निघाले तेव्हा आई एसटी स्टँडपर्यंत आली होती. गाडी सुटायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन तिनं विचारलं, "आक्का, हे मला बी चालंल का गं?" मी गुळवेलीची पोती नीट ठेवत होते. मागं न बघता म्हणाले, "न चालायला काय झालं? घरोघरी पितात की." तिनं चोरून नाही घेतलं, प्रसेनजीत. तिनं मला विचारलं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, आबांनासुद्धा नाही. तुझ्या मानेवरचं ओझं माझं आहे, हे माहीत असूनही मी ते तुला वाहू दिलं, कारण ते उतरवलं असतं तर तू माझ्याशी पुन्हा कधी बोलला नसतास, असं वाटायचं. तसाही तू बोलत नाहीसच. मार्चपर्यंतच्या रिपोर्टांच्या नकला सोबत जोडल्यात. त्या कुठल्याही डॉक्टरला दाखव. तुझं रक्त चांगलं आहे, तू दिलेलं चांगलं होतं. आबांना होकार कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

तुझीच,
आक्का
(संघप्रिया)