पेटी कोणी केली

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, आधी ओतकामाच्या कारखान्यात नकाशे उतरवणारी आणि नंतर घरी लाकूडकाम करणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. वकिलांचा मसुदा चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते, म्हणून हे माझ्या हाताने लिहीत आहे. एका बैठकीत होणार नाही. मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठून खिडकी लावते, मग पुन्हा उघडते. अक्षर जागोजागी बदललेले दिसेल. ते सगळे माझेच आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची कार्यशाळा, माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने विकले तरी माझी हरकत नाही. आईचे घर सांभाळायला नोकरी सोडून ये, असे कोणी तिला ऐकवले तर हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. मागचे दार फुगले आहे, उघडताना खालून लाथ मारावी लागते.

२. बँकेत जे असेल ते तिलाच. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

३. हत्यारे. ती कोणाला हे सांगण्याआधी माझ्या हाती कशी आली ते सांगणे भाग आहे.

आमचे हे त्याच कारखान्यात लाकडी नमुने करत. यंत्राचा भाग ओतायचा तर आधी तो जसाच्या तसा लाकडात करावा लागे, त्यावरून साचा बनत असे. सव्वीस वर्षे यांनी तेच केले. मग नमुने कोरणारे यंत्र आले. साहेबांनी यांना बोलावून सांगितले की यंत्राचे काम स्वच्छ असते, हाताच्या कामात हात दिसतो. ते एक वाक्य यांना लागले ते लागलेच. घरी आल्यावर यांनी ठरवले की अशी एक पेटी करायची, जिच्यात हात कुठेही दिसणार नाही. बघणाऱ्याने म्हणावे, यंत्रातून निघाली.

नकाशा यांनी काढला, मी तो उतरवून घेतला. बाजूंना इंजिनावर असतात तशा खाचांच्या रांगा, कडेने चौसष्ट रिव्हेट, झाकणावर एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके; एक फिरवले की दुसरे फिरणार आणि कडी सुटणार. सगळे लाकडात. कारखान्याने भंगारात काढलेले जुने नमुने आणून त्यांचेच लाकूड घेतले.

तळ झाला आणि यांचा हात थरथरू लागला. डॉक्टर बाईंनी कंपवात सांगितला. पटाशी रेघेवर टेकेना. हे खोलीत येरझारा घालू लागले, जेवता जेवता उठू लागले. एके दिवशी मीच पटाशी उचलली. सुरुवातीला मी किती फळ्या नासवल्या त्याचा हिशेब नाही. हे मागे उभे राहून सांगायचे आणि मी चिडायचे. पण सतरा महिन्यांत पेटी झाली. नकाशा यांचा, नजर यांची, एकूण एक घाव माझा.

या काळात यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, दर आठवड्याला येत. त्यांचे लाकूड कोरण्याचे यंत्र आहे, संगणकावर चालणारे. ते स्टुलावर बसून माझे काम बघत. हे इथे मुद्दाम नोंदवते.

४. पेटी. ती आम्ही हस्तकलेच्या स्पर्धेत ठेवली. तीन परीक्षकांनी ती उलटीसुलटी केली, मोजपट्टी लावली आणि म्हणाले, हे यंत्राचे कोरीवकाम आहे, इथे चालणार नाही. यांनी बोलायच्या आधी हात पुढे केले. ते थरथरणारे हात पाहून परीक्षकांना उलट खात्रीच पटली. मी म्हटले, पेटी मी केली आहे. त्यातले एक हसले, वाईट नाही हसले, पण हसले. मग त्यांनी तिथेच उभ्या असलेल्या भावजींना विचारले, कारण ते यंत्रकामातले जाणकार. भावजी टेबलाकडे बघत म्हणाले, "मला काही सांगता येणार नाही."

पेटी बाद झाली. परत येताना टेम्पोत हे खुशीत होते. म्हणाले, "त्यांना फरक कळला नाही. आपलं काम झालं."

मी म्हटले, "तुमचं झालं. माझं नाव गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण सोडवून घेतले आणि आतल्या गुळगुळीत बाजूवर गोल पटाशीने आडवेतिडवे घाव घालत सुटले, सगळे उघडे ठेवून, पॉलिश पेपर न लावता. हे दारात उभे राहून बघत होते. दोन दिवस कार्यशाळेत पाऊल टाकले नाही. तिसऱ्या दिवशी झाकण मांडीवर घेतले, त्या घावांवरून बोट फिरवत राहिले, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथं पटाशीला धार कमी होती." खरेच कमी होती. पाच महिन्यांनी हे गेले.

पेटी मुलीला. काचेच्या कपाटात ठेवू नये. रोज उघडावी, चाके फिरती राहतील.

हत्यारे, म्हणजे पटाश्या, रंधे, गुण्या, सगळे, समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना. सरस मागायला म्हणून येतात आणि तासभर लाकूड तासत बसतात. पन्नाशीच्या आहेत, पण हात स्थिर आहे आणि चूक झाली की स्वतःलाच शिव्या देतात. शिकतील.

५. बँडसॉ, म्हणजे सासऱ्यांच्या वेळची पट्ट्याची करवत, भावजींना द्यावी असे यांनी आजारपणापूर्वी बोलून ठेवले होते. ते कलम मी आधी लिहिले होते, आता खोडले आहे. कारण असे की, स्पर्धेनंतर सात वर्षांनी, गेल्या महिन्यात भावजी आले. स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, स्पर्धेच्या दिवशी शेजारच्या दालनात त्यांच्या स्वतःच्या पेट्या होत्या, यंत्रावर केलेल्या, आणि त्यांवर त्यांनी हस्तकलेची चिठ्ठी लावली होती. माझी पेटी हाताची आहे असे ते म्हणाले असते, तर परीक्षक दोन्ही शेजारी ठेवून बघायला निघाले असते आणि त्यांची लबाडी उघडी पडली असती.

"वहिनी, मला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं."

त्यांनी माफी मागितली. मी दिली नाही. आतून आली नाही तर कुठून देऊ? मी विचारले, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कराल का? आणि हेही सांगितले की वकील म्हणतात, साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवू नये, पुढे वाद होतो. सही केलीत तर बँडसॉ गेली. ती करवत त्यांना लहानपणापासून हवी होती. त्यांनी विचारले, कधी येऊ?

करवत आता हत्यारांबरोबर शिवणवाल्या बाईंकडे जाईल. ती चालवायला त्यांना भावजींनी शिकवावे.

६. माझ्यामागे शोक करत बसू नये. घरात हाताला काम नसलेले माणूस मला बघवत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: राहत्या घरामागची कार्यशाळा
दिनांक: अकरा ऑगस्ट
सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिल्या, घरच्या डॉक्टर बाई: यांनी माझ्यासमोर सही केली. तब्येत व मन ठीक. सही.

साक्षीदार दुसरे, धाकटे दीर: यांनी माझ्यासमोर सही केली. पेटी वहिनींनी हाताने केली आहे. सतरा महिने मी समोर बसून ती होताना पाहिली आहे. कोणी विचारो न विचारो, मला सांगता येईल. सही.