डॉक्टरीणबाईंची खुर्ची

प्रिय बांबू,

खूप खूप प्रेम. गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून त्यांच्याशी बोलतेस का? घरातल्या मोठ्यांना नमस्कार (म्हणजे तुलाच, आता आपल्यापेक्षा मोठं उरलंय कोण?). माझा मोतीबिंदू छान पिकलाय. दिव्यांभोवती कडी दिसतात, रस्त्यावरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी येतात, आणि समोर वाळत घातलेल्या चादरीला मी काल दोनदा हात केला. खरं सांगू, जग इतकं मऊ मला कधीच दिसलं नव्हतं.

तर मी कोर्टात अडकले आहे. घाबरू नकोस, चोरी केलेली नाही. आमच्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचे तज्ज्ञ नेमायचे होते आणि निवड समितीत एक बाहेरचं माणूस लागतं, म्हणून निवृत्त ग्रंथपालबाईंना, म्हणजे मला, बसवलं. ज्ञानाचे गुण तज्ज्ञांकडे. वागणुकीचे वीस माझ्याकडे. शेवटी दोघी उरल्या. एक तीन सुवर्णपदकवाली, दुसरी हळू बोलणारी. तज्ज्ञांनी दोघींना सारखेच गुण दिले. सुवर्णपदकवाली उठली तेव्हा तिची खुर्ची फरशीवर अशी किंचाळली की मी थेट आपल्या शाळेत जाऊन पोचले. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर आठवतात ना? चाळीस मुली एकदम उठायच्या आणि चाळीस खुर्च्या उचलून ठेवल्या जायच्या, पान पडल्याइतकाही आवाज नाही. (एकदा तुझी वाजली होती आणि अख्ख्या रांगेची मधली सुट्टी गेली. तो राग आता नाही. फारसा.) हळू बोलणारीची खुर्ची मात्र मुकाट जागेवर गेली होती. मी तिला दोन गुण जास्त दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'खुर्ची उचलून ठेवली.'

त्या दोन गुणांवर तिची नेमणूक झाली आणि त्याच दोन गुणांवर सुवर्णपदकवालीनं दावा लावला. परवा पहिल्याच तारखेला तिच्या वकिलांनी माझा शेरा भर कोर्टात वाचला. "म्हणजे बाई, डोळ्यांची शस्त्रक्रिया करायला खुर्ची उचलता यायला हवी?" मी मागच्या बाकावरून म्हटलं, "हात हलका लागतो, साहेब." लोक हसले. न्यायाधीशही हसले असावेत. मला तिकडे नुसता एक काळा ढग दिसत होता. आता सोमवारी माझी शपथेवर साक्ष आहे. निकाल लागेपर्यंत नव्या डॉक्टरीणबाईंनी नुसतं तपासायचं, शस्त्रक्रिया करायच्या नाहीत. त्यामुळे त्यांची नोकरी आणि माझा मोतीबिंदू, दोन्ही लोंबकळताहेत.

तुझीच,
पेंगूबाई

ता. क. तुला म्हणून सांगते. हळू बोलणारी डोळ्याच्या आतल्या पडद्याविषयी इतकं गोड बोलत होती की ऐकता ऐकता मला झोप लागली. जागी झाले तेव्हा ती गेलेली, खुर्ची जागेवर. तिनं ठेवली की शिपायानं, देव जाणे. (शिपाई फार टापटिपीचा आहे.)

आणखी एक ता. क. काल तपासणीला गेले तेव्हा हे तिलाच सांगून टाकलं. तिनं बॅटरी विझवली. मग म्हणाली, "मावशी, मलाही नाही आठवत. तुम्ही खरं तेच सांगा. आणि थेंब दिवसातून चारदा, विसरू नका." मी खरं तेच सांगणार आहे बांबू, पण एकटीनं जायचं नाही मला. तू ये. कोर्टाच्या पायऱ्यांपाशी दहाला उभी राहा, भडक लाल काहीतरी घालून. फिकं घातलंस तर मी भलत्याच बाईच्या गळ्यात पडेन, आणि ती नेमकी सुवर्णपदकवालीच निघायची.