बिनचाकांचे इंजिन

२२ जानेवारी १९८४, रविवार
रेल्वे कृती समितीची जाहीर सभा. दीड तास बोललो. टाळ्या सात वेळा. त्यातल्या दोन महिपतने सुरू केल्या, पण पुढे लोकांनी आपणहून वाजवल्या.
म्हटले, कोकणाने आजवर निवेदने पुष्कळ दिली. निवेदन मंत्री टेबलाच्या खणात टाकतो. माणसाचा हात खणात टाकता येत नाही! म्हणून समितीच्या आम्ही चौघांनी, म्हणजे अध्यक्ष आप्पा, धोंडू टेलर, एस.टी.तला महिपत आणि मी, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत रेल्वेचे इंजिन गोंदवून घ्यायचे. मार्चमध्ये शिष्टमंडळ मुंबईला जाईल तेव्हा मंत्र्यापुढे चार बाह्या एकदम वर!
कल्पना बोलता बोलता सुचली. मला सगळ्या कल्पना बोलता बोलताच सुचतात. तिघांनी व्यासपीठावरच हात वर केले. आप्पा माईकवर म्हणाले, हरिश्चंद्रा, शब्द म्हणजे शब्द.
शिष्टमंडळाचा नेता २६ फेब्रुवारीच्या बैठकीत ठरणार. आप्पांकडे वय आहे, माझ्याकडे वाणी. ज्याच्या हातावर इंजिन तो नेता, हे मी ओघात जाहीर करून टाकले आहे.

२४ जानेवारी
वेदना या विषयावर वाचनालयात चार पुस्तके मिळाली. ग्रंथपाल असल्याचा हा फायदा. चारही लेखकांचे एकमत: वेदना ही मनाची समजूत आहे.
बायकोला, राहीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिच्या हातावर तुळस, कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, सगळे गोंदलेले. म्हणाली, नऊ वर्षांची होते. गोंदणारीण सुयांची जुडी घेऊन बसली आणि आजीने मांडीखाली हात दाबून धरला. मी विचारले, रडलीस? म्हणाली, रडून काय, सुया थांबतात होय?
तिला समजावले की तिचे गोंदण ही रूढी होती, माझे गोंदण हा विचार आहे. ती म्हणाली, सुईला काय कळतंय ते.
रात्री सराव म्हणून सेफ्टी पिन टोचून पाहिली. एकदा. प्रयोग पुरेसा वाटला.

२९ जानेवारी, रविवार
इंजिनाचे चित्र स्वतः काढले. धूर, धुराडे, बॉयलर, ड्रायव्हरची केबिन, सहा चाके, खाली रूळ. धोंडू म्हणाला, हरिभाऊ, माप जरा आत घेऊ या का? शिंप्याची वृत्ती! एक सूतही कमी करणार नाही असे बजावले.
गणपतीपुळ्याला माघी यात्रेत बॅटरीच्या मशीनवर गोंदणारा येतो. पाच तारखेला सकाळच्या गाडीने चौघांनी निघायचे. ठरले.

५ फेब्रुवारी, रविवार (डाव्या हाताने लिहीत आहे)
स्टँडवर आप्पा आलेच नाहीत. चिठ्ठी आली. डायबेटिस आहे, जखम भरत नाही, मनाने तुमच्याबरोबरच. शब्द म्हणजे शब्द म्हणणारा माणूस!
गोंदणारा शिवा, घाटावरचा. समोर तक्ता: बदाम, विंचू, मारुती, नाग. त्याने माझे चित्र हातावर शाईने उतरवले आणि खालून, म्हणजे चाकांपासून सुरुवात करू लागला. म्हणाला, खालून वर जायचं असतं साहेब. वरून सुरू केलं तर रगत पुसताना खालचं चित्र पुसून जातं. मी म्हटले, अरे, इंजिन आधी धूर सोडते, मग चाके फिरतात. शास्त्र आहे. वरून सुरू कर.
त्याने वरून सुरू केले.
पहिला धूर: सुसह्य.
दुसरा धूर: चार पुस्तकांचे लेखक कधीच गोंदवून घेत नसावेत.
तिसऱ्या धुराला वेदनेवर मात करण्यासाठी भाषण सुरू केले. कोकणच्या उपेक्षेवर. गर्दी जमली. बॉयलरच्या पोटाशी आवाज चढला, तो भाषणाच्या ओघात चढला. मी आईला हाक मारली असे महिपत म्हणतो. कोकणमातेला मारली.
केबिन झाल्यावर थोडा वेळ डोळे मिटून चिंतन केले. महिपत म्हणतो, पाच मिनिटे, आणि तोंडावर पाणी मारावे लागले. डोळे उघडले तर पुसापुशीत चाकांचे चित्र हातावरून गेलेले. शिवा म्हणाला, सांगितलं होतं साहेब. चाकांसाठी शिवरात्रीला वेळणेश्वरच्या जत्रेत या, मी तिथं असतो.
धोंडू माझा बॉयलर चालू असताना नारळ फोडून येतो म्हणून गेला. संध्याकाळपर्यंत नारळ फुटलेला नव्हता.
महिपत मात्र बसला. मला भरून आले. एक तरी सच्चा! मशीन घरघरले, पठ्ठ्याने हूं का चूं केले नाही. जवळ जाऊन पाहिले तर हातावर अक्षरे: चिमा. त्याच्या बायकोचे नाव. विचारले, हे काय? म्हणाला, एस.टी.त नोकरी करून हातावर रेल्वे काढली तर साहेब विचारील ना. आणि ही बरेच दिवस मागे लागली होती.
परतीच्या गाडीत मी त्याच्याशी बोललो नाही. तो आणि धोंडू सोलापुरी शेंगदाणे खात होते.
घरी राहीने विचारले, दुखतंय का? म्हटले, छे.

७ फेब्रुवारी
हात दुधी भोपळ्यासारखा. ताप. राहीने हळद आणि खोबरेल तेल लावले. खाजवू नका म्हणाली. विचारले, दुखतंय? म्हटले, मुळीच नाही.
वाचनालयात रजेचा अर्ज. कारण: सामाजिक कार्य.

१२ फेब्रुवारी, रविवार
खपली पडली. उजेडात नीट पाहिले. धूर अप्रतिम.
राही म्हणाली, बोट छान आलीय हो.
तिला शांतपणे समजावले की हे इंजिन आहे. तिने मान वाकडी करून पाहिले. मी म्हटले, ही बघ केबिन. म्हणाली, हो तर, कप्तान उभा राहतो ती. माझं माहेर मांडवीचं, मला बोट कळत नाय होय? लहानपणी रोज बघायची, धूर काढीत अशीच यायची.

१५ फेब्रुवारी
वाचनालयात तीन सभासद, वाटेत एक कंडक्टर आणि मासळीवाली गंगा, अशा पाच जणांनी हात पाहिला. पाचही जण म्हणाले, बोट. गंगाने तर विचारले, भाऊ, मुंबईची काय गोव्याची?
आधी खेद वाटला. मग लक्षात आले की या लोकांनी आयुष्यात रेल्वे पाहिलेलीच नाही! कोकणात रेल्वे हवी याचा याहून मोठा पुरावा कोणता? हा मुद्दा २६ तारखेच्या भाषणात घेणे.
शिवाय सहा चाके म्हणजे काय, सहा गोल. निर्धार केला आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार
मांडवीच्या जेटीवर मुसाभाई भेटले. बोटीवर सारी उमर घालवलेला माणूस. प्रवासी बोट बंद झाल्यापासून 'बोट परत आणा' समिती चालवतात. इतिहास मागे ओढणारे लोक, असे मी त्यांच्याविषयी दोन सभांत बोललो आहे.
त्यांनी माझा हात पाहिला आणि मला मिठीच मारली. हरिभाऊ, तुम्ही आमच्यात आलात!
खुलासा करायला तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी स्वतःची बाही वर केली. नांगर. हिरवा पडलेला. म्हणाले, बसऱ्याच्या बंदरात काढला, वीस वर्षांचा होतो. दोघांनी धरून ठेवलं होतं, पोरीसारखा रडलो. तुम्हाला दुखलं?
म्हटले, नाही.
मुसाभाई माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, कमाल आहे हो.
खुलासा राहून गेला.

२६ फेब्रुवारी, रविवार
बैठक. भाषणाच्या शिखरावर बाही वर केली. मग मागून कोणीतरी बोटीच्या भोंग्याचा आवाज काढला.
त्यानंतर बराच वेळ हशा. आप्पा, ज्यांच्या हातावर डासाने चावल्याचीही खूण नाही, चष्मा सरसावून म्हणाले, हरिश्चंद्रा, तू नक्की कुठल्या समितीचा? मुसाला मिठी मारताना तुला लोकांनी पाहिलंय.
पुरावा म्हणून रेल्वे न पाहिल्याचा मुद्दा मांडला. धोंडू म्हणाला, मी पाहिलीय, मिरजेला. तिला चाकं असतात.
शिष्टमंडळाचे नेते आप्पा. सोबत धोंडू. महिपतही, कारण त्याने निदान काहीतरी पुरे गोंदवले! तिघांच्या विश्वासघातावर चाळीस मिनिटे बोललो. शेवटी शिपाई दिवे मालवायला थांबला होता, तोच श्रोता. त्याला पटले.
निर्धार: शिवरात्रीला वेळणेश्वर. सहा चाके. मग एकटा मुंबईला जाईन आणि बाही वर करीन.

२९ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पहाटे निघालो. राहीने वरी-शेंगदाण्याचा डबा दिला. म्हणाली, जाताय तर करूनच या हो.
जयगडला खाडी ओलांडायला होडी. रेल्वेची चाके बसवायला होडीतून जावे लागते, केवढे हे दुर्दैव! होडीवाल्या केरूने हात पाहिला आणि लोकांना सरकवून मला पुढच्या फळीवर बसवले. वारा सुंदर होता. विचारांना चालना मिळाली.
शिवा भेटला. चाके काढू या म्हणाला. एका चाकाला किती वेळ, विचारले. म्हणाला, गोल आहे, दोनदा फिरवावं लागतं. सहा दुणे बारा. मशीन घरघरले.
तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. कोकणचा खरा रस्ता समुद्रच! बापजादे त्यानेच गेले. डोंगर फोडून रूळ घालणे हा देशावरच्या लोकांचा विचार. सत्य कळल्यावर जुन्या मताला चिकटून राहणे हा भ्याडपणा आहे. शिवाला म्हटले, चाके नकोत. खाली दोन लाटा काढ.
लाट एका रेघेची असते. पहिली झाली. दुसरी अर्धी. समुद्राचा आभास निर्माण होण्यास तेवढी पुरते.

१ मार्च, गुरुवार
सकाळीच मुसाभाईंच्या घरी. बाही वर करूनच गेलो. म्हटले, आजपासून माझी वाणी बोटीसाठी.
मुसाभाई ओशाळले. मरियमभाभींना चहा ठेवायला सांगितले. म्हणाले, हरिभाऊ, आता काय सांगू तुम्हाला. तुम्हीच दोन वर्षं सभेत सांगत होता ना, बोट गेली ती गेली, आता रेल्वेच. मी मागे उभा राहून सगळी भाषणं ऐकली. आधी राग यायचा. मग पटलं. काल समिती बंद केली आणि आप्पांकडे जाऊन नाव घातलं. त्यांच्याबरोबर मुंबईला चाललोय.
मग माझा हात हातात घेऊन नीट पाहिला. म्हणाले, लाट बाकी झकास.
आयुष्यात माझ्या भाषणाने एक माणूस बदलला. तोही नेमका काल.
चहा घेतला. घरी आलो. हात पुन्हा सुजला आहे. राही वाटीत हळद-तेल घेऊन जवळ बसली. मुसाभाईंचे सांगितले. माझा हात तिच्या तुळशीच्या हातावर ठेवून लावत राहिली.
दुखतंय का, म्हणाली.
हो म्हटले.