फुगा दाबला, कुणी आलं नाही

४ मे २०१६

आठवड्यानं नळाला पाणी आलं, आणि भरला हंडा माझ्या हातून निसटला! जिनाभर पाणी. वरून शेजारच्या साळूबाई ओरडल्या, "अवं, झाडाला तरी घालायचं व्हतं!" हंड्याचा काठच गुळगुळीत झालाय. परवा कप फुटला, तेव्हा चहा फार गरम होता.

६ मे

डोकेदुखीला महिना झाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय करा. म्हटलं, ऊन किती आहे बघा. "तरीपण." थोरल्या बहिणीला, माईलाही असंच "तरीपण" म्हणाले होते. गाठ निघाली. दिवाळी नाही बघितली तिनं.

हंड्याचं सांगितलं नाही. डॉक्टरला भांड्याकुंड्यांत काय रस!

लेक मनस्विनी म्हणते, "पेपरातल्या सदरात साऱ्या जगाची खेचतेस, आणि आता घाबरलीस?"

घाबरले. लई घाबरले.

९ मे

झालं एकदाचं! मंगळसूत्र, बांगड्या, केसातले आकडे — सगळं उतरवलं. जोडवी साबण लावून ओढली. मशीनवाला शिवराज विचारतो, "काकू, अंगात काही धातूचं? पेसमेकर वगैरे?"

"जिभेला धार आहे. चालेल?"

हसला नाही.

कानात बोळे, तोंडावर पिंजरा. उजव्या हाताला सुई, म्हणून डाव्यात रबरी फुगा. "जीव घाबरला तर दाबा, बाहेर घंटी वाजते, लगेच काढतो. डोकं मात्र हलवू नका."

मग ते नळकांडं. धडधड, ठकठक — गल्लीत बोअर मारतात तशी, फक्त जमीन म्हणजे माझं कपाळ! माई आठवली. तीही अशीच पडली असेल. श्वास कोंडला. फुगा दाबला. कुणी नाही! पुन्हा दाबला. जीव खाऊन दाबला! अरे, या ना कुणीतरी! तोंडातून आवाज फुटेना. शेवटपर्यंत रडत पडले — डोकं न हलवता.

बाहेर येऊन शिवराजला धुतला. "मेल्या, फुगा काय शोभेला देतोस?"

"काकू, आईशपथ, घंटी वाजलीच नाही."

खोटारडा! रविवारी सदरात सालटीच काढते याची.

१० मे

लेख झाला. शेवट झणझणीत — 'इथं मदत मागायची सोय आहे, मिळायची नाही.' मनस्विनीला वाचून दाखवला. हसली नाही.

"आई, फुगा कुठल्या हातात होता?"

१० मे, संध्याकाळ

मनस्विनीनं माझा डावा हात धरला. "दाब."

दाबला.

"आई, दाब ना गं!"

मी दाबतच होते.